बर्बन गोड का लागते, धुरकट (पीटी) स्कॉचला दवाखान्याचा वास का येतो, आणि मग आपल्याला नक्की काय आवडतं?

बर्बन, म्हणजे अमेरिकेतली मक्याची व्हिस्की, आवडत नाही असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, कुठली प्यायलात? बहुतेक वेळा उत्तर एकाच बाटलीचं असतं, ती पण कुणाच्या तरी लग्नात नाहीतर ऑफिसच्या पार्टीत, कोक ओतून, आणि तेवढ्यावर अख्ख्या प्रकारावर फुली मारलेली असते. दुसऱ्या बाजूलाही तेच. धुरकट स्कॉच हीच खरी व्हिस्की आणि बाकी सगळं सरबत असं ठासून सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. पुण्यात आपल्याला कुठल्याही गोष्टीवर ठाम मत असतं आणि त्यात वाईट काही नाही, पण व्हिस्कीच्या बाबतीत माझं म्हणणं असं आहे की आवडीला कारणं असतात, ती धान्यात, लाकडात, धुरात आणि तुमच्या स्वतःच्या नाकात असतात, आणि ती एकदा समजली की पुढची बाटली घेताना दुकानदाराच्या "ही जास्त जाते बघा" यावर विसंबावं लागत नाही. इम्पोर्टेड बाटलीचे भाव बघता हे समजून घेणं फायद्याचंच आहे.

आधी बर्बनचं बघू, कारण तिचे नियम सगळ्यात स्पष्ट आहेत. अमेरिकन कायद्याप्रमाणे बर्बन अमेरिकेतच बनलेली पाहिजे, धान्यात किमान 51 टक्के मका पाहिजे, आणि ती ओकच्या नव्या कोऱ्या, आतून जाळलेल्या पिंपात मुरवलेली पाहिजे. गाळताना, म्हणजे उकळून वाफेतून अल्कोहोल वेगळं काढताना, ते 80 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना 62.5 च्या वर नको, बाटलीत 40 च्या खाली नको. वरून रंग नाही, फ्लेवर नाही, चालतं ते फक्त पाणी. केंटकी राज्यातच बनली पाहिजे असं मात्र कायद्यात कुठेच नाही, बहुतांश तिथे बनते हे खरं, पण न्यूयॉर्कमध्ये बनवली तरी ती बर्बनच. लेबलवर "स्ट्रेट" असेल तर किमान 2 वर्षं मुरलेली. "बॉटल्ड इन बाँड" लिहिलं असेल तर एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान 4 वर्षं मुरलेली आणि बरोब्बर 50 टक्के अल्कोहोलची. हा बाँडचा कायदा 1897 चा आहे, त्या काळात व्यापारी कच्च्या दारूत रंग आणि काय काय मिसळून जुनी म्हणून खपवायचे, त्याला आळा घालायला आणलेला. मला हा कायदा फार आवडतो, कारण लेबलवरच्या या तीन शब्दांत बाटलीचं निम्मं चरित्र कळतं.

आता गोडपणा. बर्बन गोड लागते म्हणून तिच्यात साखर असते असं खूप जणांना वाटतं, डायबेटिस असलेले लोक तर मुद्दाम विचारतात. साखर नसते हो. मक्याच्या स्टार्चची साखर होते, ती यीस्ट खातं, अल्कोहोल तयार होतं, मग ते गाळताना वाफ होऊन वर जातं आणि साखर कधीच वाफ होऊन जात नाही, ती खाली भांड्यातच राहते. पिंपाच्या लाकडातून नंतर अगदी किंचित शर्करा उतरते, पण ती जिभेला सहसा कळण्याइतकी नसते. मग गोड काय लागतं? वास. व्हॅनिला, कॅरमल, नारळ हे वास आपण जन्मभर गोड पदार्थांबरोबरच घेतलेले असतात, त्यामुळे नाकात व्हॅनिला आली की मेंदू गोड म्हणून नोंद करतो. म्हणजे गोडवा खरा असतो, फक्त तो जिभेचा नसतो. (अल्कोहोल मात्र खरंच असतं आणि त्याच्या कॅलरीज पण असतात, त्यामुळे डायबेटिसवाल्यांनी डॉक्टरांनाच विचारायचं, माझा लेख दाखवायचा नाही.)

हे वास येतात मुख्यतः लाकडातून आणि इथेच बर्बन आणि स्कॉचच्या वाटा वेगळ्या होतात. ओकच्या लाकडात लिग्निन असतं, ते उष्णतेने तुटलं की व्हॅनिलिन तयार होतं, तेच जे व्हॅनिला इसेन्समध्ये असतं. हेमिसेल्युलोज नावाचा दुसरा भाग तापून त्याची साखर होते आणि ती पिंपाच्या आतल्या बाजूला कॅरमलसारखी भाजली जाते. अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये लॅक्टोन नावाचं एक रसायन भरपूर असतं त्याला सरळ नारळाचा वास येतो. लवंगेच्या तेलात जे युजेनॉल असतं ते सुद्धा ओकमध्ये थोडं असतं. आणि टॅनिन, ज्याने तोंड जरा आवळल्यासारखं होतं. पिंप आतून जाळतात तेव्हा वरचा थर कोळसा होतो, त्याच्यामागे हा भाजलेला लाल थर असतो, आणि वर्षानुवर्षं व्हिस्की उन्हाळ्यात लाकडात शिरते, हिवाळ्यात बाहेर येते आणि येताना हे सगळं घेऊन येते.

बर्बनला पिंप दरवेळी नवं लागतं. मग वापरलेली पिंपं जातात कुठे तर मोठ्या संख्येने स्कॉटलंडला, आयर्लंडला, आणि आपल्याकडच्या सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनवलेली व्हिस्की) कंपन्यांकडे. तीच चहापत्ती दुसऱ्यांदा उकळली की रंग फिका येतो, कडवटपणा कमी होतो पण दुधाची आणि आल्याची चव पुढे येते, तसं जुन्या पिंपात लाकूड मागे राहतं आणि आतल्या दारूचा स्वतःचा स्वभाव, म्हणजे बार्लीचा, यीस्टचा, भट्टीच्या आकाराचा, दिसायला लागतो. म्हणून बर्बन 4 ते 8 वर्षांत भरदार होते आणि स्कॉच 12, 15, 18 वर्षं शांतपणे पडून राहू शकते. बर्बन 20 वर्षं ठेवली तर ती बऱ्याचदा नुसती लाकडासारखी लागते, कडू, कोरडी, आणि तरी तिचे भाव गगनाला भिडतात, ते मला आजपर्यंत पटलेलं नाही.

लाकडाचं महत्त्व किती हे बघायचं असेल तर बफेलो ट्रेस नावाच्या केंटकीच्या डिस्टिलरीने केलेला प्रयोग बघा. त्यांनी 96 ओकची झाडं निवडली, प्रत्येक झाडाच्या वरच्या भागाचं एक आणि खालच्या भागाचं एक अशी 192 पिंपं बनवली, त्यात धान्य, भरतानाचं अल्कोहोल, गोदामाचा प्रकार अशा गोष्टी बदलत गेले आणि मग सगळ्या पिंपांच्या वेगवेगळ्या बाटल्या भरून लोकांना चाखायला दिल्या. एकाच झाडाच्या बुंध्याचं पिंप आणि शेंड्याकडचं पिंप यात सुद्धा फरक असतो हे मानूनच त्यांनी सगळी मांडणी केलेली. एवढ्या बारकाईने कुणीतरी काम केलंय म्हटल्यावर "सगळ्या बर्बन सारख्याच" हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं.

धान्याचा भाग तसा सोपा आहे. 51 टक्के मका झाला की उरलेल्यात काय घालायचं हे बनवणारा ठरवतो. बहुतेक जण राय घालतात, राय म्हणजे गव्हाच्या नात्यातलं थंड प्रदेशातलं धान्य, त्याने मिरी-लवंगेच्या अंगाचा ठसका येतो. बुलेट नावाच्या बर्बनमध्ये राय 28 टक्के आहे, बर्बनच्या मानाने बरीच. काही जण रायच्या ऐवजी गहू घालतात, मेकर्स मार्क हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, 16 टक्के गहू, त्याने ठसका जातो आणि एक मऊपणा येतो. राय 51 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ती राय व्हिस्की. जॅक डॅनियल्स ही अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची व्हिस्की, पिंपात भरायच्या आधी मेपलच्या कोळशाच्या जाड थरातून थेंब थेंब गाळतात, आणि तिच्यात खूप जणांना पिकलेल्या केळ्याचा वास येतो, तो आयसोअमिल ॲसिटेट नावाच्या एस्टरचा, जो यीस्ट तयार करतं आणि खऱ्या केळ्यातही असतो. यीस्टला कमी लेखू नका. फोर रोझेस ही डिस्टिलरी धान्याची 2 मिश्रणं आणि 5 प्रकारची यीस्ट वापरून 10 वेगवेगळ्या बर्बन बनवते, बाकी सगळं तेच ठेवून.

धुराचं प्रकरण वेगळं. पीट म्हणजे दलदलीतलं हजारो वर्षं कुजून दाबलं गेलेलं गवत-शेवाळ, ते वाळवून जाळतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावर बार्लीला मोड आणून ती या पीटच्या धुरावर वाळवतात आणि धुरातले फिनॉल नावाचे वासाचे रेणू बार्लीला चिकटतात, ते भट्टीतून, पिंपातून, सगळ्यातून टिकून थेट तुमच्या ग्लासात येतात. त्यातला ग्वायकॉल म्हणजे लाकूड जळल्याचा वास, आणि क्रेसॉल म्हणजे दवाखान्याचा, बँडेजचा वास. लेबलवर किंवा वेबसाइटवर फिनॉलच्या पीपीएमचे (दहा लाख भागांत किती) आकडे असतात, आयलाच्याच लाफ्रॉइगच्या माल्टचा साधारण 40 च्या आसपास, आर्डबेगचा 50 च्या पुढे, पण लक्षात ठेवा की हा आकडा वाळवलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही, बाटलीत येईपर्यंत तो बराच खाली आलेला असतो. आणि सगळी स्कॉच धुरकट असते असंही नाही. आपल्याकडे हा गैरसमज जबरदस्त आहे. स्कॉटलंडमधल्या बहुतेक सिंगल माल्टमध्ये धूर जवळजवळ नसतो, ग्लेनफिडिक घ्या, ग्लेनमोरांजी घ्या, फळं आणि मध सापडेल.

आयरिश व्हिस्कीवर लांबण लावत नाही. बऱ्याचशा तीनदा गाळलेल्या असतात म्हणून हलक्या, आणि त्यांच्यात सिंगल पॉट स्टिल नावाचा एक प्रकार असतो ज्यात मोड आणलेल्या बार्लीबरोबर कच्ची बार्लीपण असते, ती जरा तेलकट, मसालेदार लागते. रेडब्रेस्ट मिळाली तर जरूर घ्या. जपानी व्हिस्की मुळात स्कॉटलंडकडून शिकलेली, यामाझाकी डिस्टिलरीचं काम 1923 मध्ये सुरू झालं, आणि आता तिचे भाव असे आहेत की आपल्यासाठी तो विषय संपला.

आपल्या देशी व्हिस्कीबद्दल मात्र नीट बोलायला पाहिजे, कारण पुण्यात बहुतेकांची जीभ तिच्यावरच तयार झालेली असते. क्वार्टरमधली स्वस्त ते मध्यम दरातली जी व्हिस्की असते तिच्यातला मोठा भाग उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून बनवलेलं न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे स्वतःचा चव-वास जवळजवळ नसलेलं अल्कोहोल, असतो, त्यात थोडी माल्ट, कधी थोडी स्कॉच. मळीपासून बनलेल्याला युरोपात व्हिस्की म्हणून विकताच येत नाही, तिथे धान्य आणि किमान 3 वर्षं पिंप हे सक्तीचं. हिला नावं ठेवायला मी हे सांगत नाहीये. मुद्दा असा की हलकी, थोडी गोडसर, सोडा आणि बर्फ घालून प्यायची चव जिभेला लागलेली असते, मग माणूस एकदम नव्या जाळलेल्या पिंपातली 45 किंवा 50 टक्क्यांची बर्बन तोंडात घेतो आणि म्हणतो, अरे ही तर जाळतेय. जाळणारच. आपल्याकडच्या बाटल्यांवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं ना, ते अल्कोहोल मोजायच्या ब्रिटिशांच्या जुन्या प्रूफ पद्धतीतलं 75 डिग्री आहे, आणि आपली सवय त्या आकड्याची, तीही अर्धा ग्लास सोडा घातलेली.

आणि आपल्या सिंगल माल्ट! बंगळुरूच्या अमृतने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोमध्ये आणली, थेट स्कॉटलंडच्या अंगणात, मग गोव्याची पॉल जॉन आली, हरियाणाची इंद्री आली. यांच्यावर वर्षं कमी दिसतात किंवा दिसतच नाहीत म्हणून लोक नाक मुरडतात. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी साधारण 2 टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळुरूच्या हवेत ते 10 टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे 12 वर्षं ठेवली तर पिंपात फार काही उरतच नाही. उष्णतेमुळे लाकडातून चवही भराभर उतरते. 5 वर्षांच्या अमृतची तुलना 5 वर्षांच्या स्कॉचशी करणं म्हणूनच बरोबर नाही. रंगावरून वय ठरवणं तर अजिबात नको, स्कॉचमध्ये कॅरमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी हे धरून चालू नका.

इथपर्यंत झालं बाटलीतलं. पण त्याच बाटलीतनं दोघांना दोन वेगळ्या गोष्टी का मिळतात?

मागे एकदा सहकारनगरला दादाकडे गच्चीत बसलो होतो. वहिनीने आत स्वयंपाकघरात चार प्रकारचे ग्लास भरले, बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ट्रे बाहेर आणला, कुठल्यात काय ते फक्त तिला माहीत. पहिल्या ग्लासला दादाचा मित्र, जो चिंचवडला पेंटच्या कंपनीत आहे, नाक लावल्या लावल्या म्हणाला, थिनर. वहिनीने तोच ग्लास हातात घेतला, डोळे मिटले, ती म्हणाली ओल्या नारळाची करंजी, तळताना येतो तो वास. दोघांचीही जुंपली. मेकर्स मार्क होती ती. आणि दोघंही बरोबर होते, कारण त्या ग्लासात लाकडाचं नारळवालं लॅक्टोन पण होतं आणि इथाइल ॲसिटेट पण होतं, जे प्रत्येक व्हिस्कीत असतं आणि थिनरमध्ये, नेलपॉलिश रिमूव्हरमध्येही वापरतात. तो दिवसभर त्या वासात काम करतो, त्याचं नाक आधी तिकडेच जाणार. वहिनी दिवाळीत करंज्यांचा घाणा काढते, तिचं नाक इकडे गेलं. तिसऱ्या ग्लासमध्ये लाफ्रॉइग होती. शेजारचे काका, खडकीला ऑर्डनन्स फॅक्टरीतनं रिटायर झालेले, त्यांनी वास घेतला आणि ग्लास लांब सरकवला, हा आमच्या डिस्पेन्सरीतला वास आहे, जखम पुसायचे तो. दादाचा दुसरा मित्र नगरकडचा, त्याला तोच ग्लास सोडवेना, म्हणे ही तर हुरड्याची आगटी. एकाला क्रेसॉल आधी लागला, दुसऱ्याला ग्वायकॉल, आणि दोघांच्याही वासाला आठवण चिकटलेली, एकाची दुखण्याची, एकाची शेतातल्या थंडीतल्या सकाळची.

याच्यामागे शरीराचं गणित आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम-टोमॅटोत असते ती भरीव चव) एवढंच कळतं. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ते सगळं नाकाचं काम, घोट घेतल्यावर वास घशाच्या मागून वर नाकात जातो. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या, तोंडात नुसतं तिखट-कडवट पाणी लागेल, मग चिमूट सोडा आणि बघा कशी व्हॅनिला उसळून येते. माणसाच्या नाकात वास ओळखणारे साधारण 400 प्रकारचे रिसेप्टर असतात, त्यांची जीन्स शोधल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 चं नोबेल मिळालं. हे रिसेप्टर सगळ्यांचे सारखे नसतात. काही लोकांना कोथिंबीर साबणासारखी लागते ना, त्याचा संबंध अशाच एका रिसेप्टरच्या जीनशी सापडलाय. कडूपणाचंही तसंच, काही जणांच्या जिभेला काही कडू पदार्थ जन्मतःच जास्त टोचतात. त्यामुळे एखाद्याला टॅनिनवाली जुनी बर्बन नकोशी होत असेल तर त्याला "अजून तुझी जीभ तयार नाही" म्हणणं हा सरळ अन्याय आहे, त्याची जीभ तयारच आहे, वेगळी आहे.

आणि जळजळ. ही चव पण नाही आणि वासही नाही, हा वेदनेचा सिग्नल आहे. तोंडात टीआरपीव्ही1 नावाचा एक रिसेप्टर असतो, तो खरंतर भाजण्याइतकी उष्णता ओळखायला असतो, मिरचीतल्या कॅप्सेसिनने तो चालू होतो, आणि अल्कोहोलनेही. अल्कोहोल असताना तो आधीच चालू होतो, म्हणजे शरीराच्या नेहमीच्या तापमानालाच त्याला भाजल्यासारखं वाटतं. आता आपला चकणा आठवा. मसाला पापड, त्यावर कच्चा कांदा, हिरवी मिरची, वर तिखट, नाहीतर शेव-भडंग. मिरचीने तो रिसेप्टर आधीच पेटलेला आणि त्यावर 45 टक्क्यांचा घोट, मग बर्बन जाळते म्हणून तक्रार. शेंगदाणे घ्या, खारे काजू घ्या, काकडी घ्या, आणि नवीन बाटली चाखायची असेल तर पहिले दोन घोट काहीही न खाता घ्या. मसाला पापड मलाही प्रचंड आवडतो, पण तो तिसऱ्या घोटानंतर.

पाणी घालायचं की नाही यावरून तर भांडणं होतात, काहीही न घालता, म्हणजे 'नीट' पिणारे, पाणी घालणाऱ्याकडे असं बघतात जसं काही त्याने गुन्हा केलाय. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी, कार्लसन आणि फ्रीडमन, कॉम्प्युटरवर व्हिस्कीतल्या रेणूंची हालचाल तपासली. त्यांना दिसलं की अल्कोहोल 45 टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असतं तेव्हा ग्वायकॉलसारखे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ जमतात, आणि अल्कोहोल खूप जास्त, 59 टक्क्यांच्या वर असेल तर ते आत खोल विरघळून राहतात. वर आले की वास जास्त येणार. म्हणजे कास्क स्ट्रेंथच्या, म्हणजे पाणी न मिसळता पिंपातल्याच ताकदीने भरलेल्या, बाटलीत थोडं पाणी घालणं शहाणपणाचं, 42.8 ला मात्र फार गरज नाही, थेंबभर पुरे. बर्फाचं उलट असतं, थंडीने वास उडतच नाही आणि जळजळही कमी लागते, म्हणून साधी व्हिस्की बर्फात बरी लागते आणि चांगली व्हिस्की बर्फात मुकी होते. एप्रिल-मे मध्ये रात्री दहाला पण पुणं तापलेलं असतं तेव्हा मोठा ग्लास, भरपूर बर्फ, सोडा आणि बुलेट हे मला अगदी मान्य आहे, फक्त त्या ग्लासवरून बर्बनबद्दल मत बनवू नका.

कुठे बसलोय याचाही फरक पडतो. 2013 मध्ये लंडनच्या सोहोमध्ये ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांच्या गटाने एक प्रयोग केला, लोकांना एकच व्हिस्की हातात देऊन तीन खोल्यांतून फिरवलं. एका खोलीत हिरवळ आणि गवताचा वास, दुसरीत गोलसर लाल वस्तू आणि गोड वास, तिसरीत लाकूड आणि लाकडाचेच आवाज. ग्लास तोच होता तरी लोकांना पहिल्या खोलीत ती गवताळ, दुसरीत गोड आणि तिसरीत लाकडी जास्त लागली. मग महागड्या रेस्टॉरंटमध्ये, मंद दिव्यात, किमतीचं लेबल डोळ्यासमोर ठेवून घेतलेला पेग घरी प्लास्टिकच्या खुर्चीवर तसाच लागेल ही अपेक्षा कशाला? म्हणूनच वहिनीची चिठ्ठ्यांची युक्ती मी सगळ्यांना सांगते. लेबल लपलं की जो आवाज राहतो तो तुमच्या नाकाचा असतो. काकांना त्या दिवशी सगळ्यात आवडला तो दुसरा ग्लास, रायवाली बुलेट, त्यांनी स्वतःहून परत मागितला.

टेस्टिंग नोट्सबद्दल पण सांगते. बाटलीच्या खोक्यावर हेदर, मार्झिपान, टॉफी ॲपल असं काय काय छापलेलं असतं आणि आपल्याला ते सापडत नाही म्हणून आपल्याला काही कळत नाही असं वाटायला लागतं. अहो, ज्याने लिहिलं तो त्या गोष्टी खाऊन मोठा झाला. आपण गुऱ्हाळावरची गरम काकवी खाल्लीये, पुरणातलं जायफळ माहीत आहे, भाजलेलं खोबरं, सुंठ, खारीक, कच्च्या कैरीचं देठ, जुनं शिसवी कपाट उघडल्यावर येणारा वास, हे सगळं आपल्याकडे आहे आणि ते व्हिस्कीत सापडतं. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातल्या स्कॉचमध्ये मला मनुके आणि खारकेची पूड मिळते, अमृत फ्युजनमध्ये भाजलेली सुंठ आणि मागे हलका धूर. तुमच्या नाकाला जे सापडेल तेच लिहून ठेवा, मोबाइलमध्ये दोन ओळी, बाटलीचं नाव आणि खाली "गूळ, लवंग, शेवटी कडू". थोड्या नोंदी झाल्या की तुमचं तुम्हालाच दिसेल की आवडलेल्या सगळ्यांत गूळ-नारळ आहे की धूर आहे की फळं.

मग खरेदी करताना ते कामाला येतं. गूळ, नारळ, व्हॅनिला वारंवार लिहिलं गेलं असेल तर तुम्ही बर्बनचे, मेकर्स मार्कपासून सुरू करा, आणि स्कॉच घ्यायची झाली तर बर्बन कास्कवाली, म्हणजे बर्बनच्या जुन्या पिंपात मुरलेली, बघा, ग्लेनमोरांजी वगैरे. लवंग-मिरी आवडत असेल तर राय जास्त असलेली बर्बन किंवा थेट राय. मनुके, खजूर, सुकामेवा असेल तर शेरी कास्क, तिथे बर्बनच्या मागे लागून पैसे घालवू नका. धूर असेल तर आयला, पण एकदम लाफ्रॉइगची अख्खी बाटली घरी आणायच्या आधी हलका धूर असलेली काहीतरी घ्या, टॅलिस्कर किंवा आपली अमृत फ्युजन. सगळंच जड वाटत असेल आणि सोड्याबरोबरच छान वाटत असेल तर आयरिश घ्या आणि निवांत राहा, कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

पैशाचं म्हणाल तर फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने बर्बनवरची आयात ड्यूटी 150 टक्क्यांवरून 100 वर आणली, त्यावर राज्याचा कर वेगळा लागतोच त्यामुळे एकदम स्वस्ताई झाली असं समजू नका. अख्खा खंबा एकट्याने घेण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून दोन वेगळ्या बाटल्या घेतलेल्या परवडतात आणि शिकायलाही मिळतं. आपल्या राज्यात व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण लागतं आणि परमिटही, ते काढून ठेवा. चाखायला ग्लासात 15 मिली भरपूर होते, चार प्रकार मिळून एक लार्ज, त्याच्यापुढे नाक काम करत नाही. घरी जायला रिक्षा बोलवा.

पहिली जोडी कुठली विचाराल तर मी मेकर्स मार्क आणि बुलेट सांगेन, दोन्ही बर्बन, दोन्ही 45 टक्क्यांच्या आसपास, नव्या जाळलेल्या पिंपातल्या, ठळक फरक म्हणजे एकीत गहू आणि दुसरीत भरपूर राय. चिठ्ठ्या लावून शेजारी ठेवा, पाचेक मिनिटं तशीच उघडी राहू द्या म्हणजे वरचा अल्कोहोलचा भपका जातो, तोंड थोडं उघडं ठेवून वास घ्या, आणि घरातल्या न पिणाऱ्या माणसालाही नुसता वास घ्यायला द्या, कारण ज्यांच्या हातात रोज मसाल्याचा डबा असतो ती माणसं राय कुठली हे पटकन सांगतात.